गुहागरच्या स्टुडिओवाल्या दादांचे मनापासून आभार

व्याडेश्वर आमचं कुलदैवत, म्हणून यंदाचं कुलसंमेलन गुहागरला ठरवलं. मागच्या संमेलनानंतर जी माणसं गेली, त्यांचे फोटो मांडून आदरांजली वाहायची होती. चिपळूण सोडलं आणि अवकाळी पावसाने गाठलं. टपावरची ताडपत्री सुटून फोटोंच्या खोक्यात पाणी शिरलं. बाकीचे पुसून निघाले, काकूचा मात्र काचेलाच चिकटला. तिचा धड असा तेवढा एकच फोटो होता.

बाजारपेठेतल्या स्टुडिओचं शटर अर्धं खाली आलं होतं. दादांनी ते पुन्हा वर केलं. ओढून काढला तर चेहराच फाटेल म्हणाले, आणि काचेसकट फोटोचा फोटो घेतला. मग संगणकावर एकेक डाग पुसत बसले. हनुवटीपाशी येऊन थांबले. "हा डाग आहे की तीळ? तीळ असेल तर राहू दे." तीळच होता! चुलतबहिणीला तिथेच रडू फुटलं.

सकाळी नवी फ्रेम घेऊन ते स्वतः सभागृहात आले. पैसे फक्त प्रिंटचे घेतले. चपला बाहेर काढून काकूला हार घातला आणि दुकान उघडायला निघून गेले.

दादा, आमच्या सगळ्या घराण्यातर्फे तुमचे खूप खूप आभार. पुढच्या संमेलनाला सहकुटुंब जेवायलाच या.