आधी गोळा मळू द्या

संपादक महोदय,

गणेशोत्सव जवळ आला की नाशकात शाडूच्या कार्यशाळा भरतात. लैंगिक शोषणातून सुटलेल्या महिलांच्या निवारागृहात तीच पद्धत चालत नाही. गट ६ ते ८ जणींचाच हवा. प्रत्येकीला अर्धा किलो माती, वाटीभर पाणी आणि दार दिसेल अशी जागा. ‘तुझं दुःख काढ’ असं तर मुळीच सांगू नये; आठवण एकदम उसळते, हात थरथरतात, बाई उठून जाते. आधी नुसता गोळा मळू द्यावा, मग पणती. मोडली तर मोडू द्यावी. मागून हात धरून शिकवणं (हौशी शिक्षकांची जुनी खोड) टाळावं. पणती सावलीतच वाळवावी, उन्हात तडकते. आणि प्रदर्शनात नाव, फोटो? भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार बलात्कारपीडितेची ओळख छापणं गुन्हा आहे.

– कलावर्ग घेणाऱ्या कार्यकर्त्या, नाशिक