तीन कामांची म्हणून विकलेल्या एअर रायफलबाबत तक्रार

दिनांक : 16 जून 2025

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
एअर रायफल विक्री विभाग

विषय : स्कोपसह ब्रेक बॅरल स्प्रिंग एअर रायफल (4.5 मिमी) सदोष निघाल्याबद्दल व तिची जाहिरात दिशाभूल करणारी असल्याबद्दल

संदर्भ : 18 एप्रिल 2025 ची ऑनलाइन खरेदी, एकूण रक्कम 14,850 रुपये

महोदय,

आपल्या संकेतस्थळावर या रायफलच्या चित्राखाली ठळक अक्षरांत लिहिले आहे : ‘नेमबाजीचा सराव, डबे उडवणे आणि घराचे रक्षण, सगळे एकाच रायफलमध्ये. वेग 1000 फूट प्रति सेकंद. लायसन्सची गरज नाही.’ आमच्या व्यायामशाळेच्या नेमबाजी गटाने वर्गणी करून ही रायफल घेतली. आमची तक्रार मालाबद्दल आहे, पण त्याहून जास्त या ओळीबद्दल आहे.

आधी वेगाचा हिशेब. शस्त्र नियम 2016 प्रमाणे एअर रायफल परवान्याशिवाय घ्यायची तर नळीचे भोक 4.5 मिमीपेक्षा मोठे नको आणि सुटणाऱ्या छर्र्याची ऊर्जा 20 जूलपेक्षा जास्त नको. दोन्ही अटी एकदम लागू. दहा मीटरच्या सरावाचा नेहमीचा शिशाचा छर्रा 0.53 ग्रॅमचा असतो. तो खरोखरच 1000 फुटांनी, म्हणजे सेकंदाला 305 मीटरने सुटला, तर ऊर्जा साडेचोवीस जूलच्या वर जाते. वीस जूलची हद्द 275 मीटरलाच संपते. म्हणजे एकतर आपला वेग खोटा आहे, नाहीतर लायसन्स लागत नाही हे खोटे आहे. दोन्ही एकाच पानावर कसे छापले, हे आपणच सांगावे.

आम्ही नळीच्या तोंडापासून एक मीटरवर क्रोनोग्राफ (छर्र्याचा वेग मोजणारे यंत्र) ठेवून दहा फैरी मोजल्या. 0.53 ग्रॅमच्या छर्र्याचा सरासरी वेग 214 मीटर आला, म्हणजे साधारण 12 जूल. आपण सोबत दिलेल्या हलक्या मिश्रधातूच्या 0.34 ग्रॅमच्या छर्र्याने 268 मीटर गाठले. ऊर्जा तीच, 12 जूल. हलका छर्रा घालून आकडा फुगवायचा ही युक्ती या धंद्यात जुनी आहे. पण त्या हलक्या छर्र्यानेही आपले 305 मीटर आले नाहीत.

वेग कमी आहे म्हणून आम्ही रडत नाही. ऑलिंपिकच्या दहा मीटर प्रकारातल्या रायफली 170-175 मीटरनेच छर्रा सोडतात, ऊर्जा जेमतेम आठ जूल, आणि त्याच प्रकारात अभिनव बिंद्राने 2008 मध्ये सुवर्णपदक घेतले. कागदाला भोक पाडायला तेवढे पुष्कळ झाले. आमची अडचण निराळी आहे. दहा फैरींत सगळ्यांत मंद छर्रा 198 मीटरचा आणि सगळ्यांत वेगवान 231 चा. हाताने निवडलेले, एकाच डबीतले छर्रे असताना 33 मीटरचा फरक पडतो, तर हवा कुठूनतरी निसटते आहे.

ती कुठून निसटते तेही पाहिले. पतंगाच्या कागदाची बोटभर पट्टी नळीच्या सांध्यावर, जिथे नळी मोडून छर्रा भरतात तिथे, अलगद ठेवली आणि सुरक्षित दिशेला फैर झाडली. सांध्यातले सील (हवा अडवणारी रबरी चकती) घट्ट असेल तर पट्टी जागची फारशी हलत नाही. आमची पट्टी दर फैरीला उडून खाली पडली. सील काढून पाहिले तर एका कडेला चपटे झाले होते आणि त्यात लोखंडाचा बारीक कीस रुतला होता. हे सील दहा-वीस रुपयांचे रबर आहे. आपल्या ग्राहक सेवेला ते सुटे मागितले, तर ‘पूर्ण रायफल परत पाठवा, पाठवणीचा खर्च तुमचा’ असे उत्तर आले.

याच सांध्याचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. स्प्रिंग रायफलची नळी बिजागरीवर फिरते, आणि दर वेळी ती अगदी त्याच जागी येऊन लॉक व्हायला हवी. बिजागरीचा बोल्ट ठीक आवळलेला असेल तर मोडलेली नळी जिथे सोडावी तिथे राहते, स्वतःच्या वजनाने खाली पडत नाही. आपली नळी धपकन खाली पडते. लॉक झाल्यावरही तोंडाशी धरून डाव्या-उजव्या बाजूला हलवली तर खुटखुट ऐकू येते. बोल्ट पाव फेरा आवळला की खुटखुट थांबते, पण वीस-पंचवीस फैरींनी पुन्हा सुरू. कारण बोल्ट धरून ठेवणारा लॉक स्क्रू आपल्या रायफलमध्ये बसवलेलाच नाही. त्याची आटे पाडलेली जागा रिकामी आहे.

परिणाम कागदावर दिसतो. दहा मीटरवर, वाळूच्या पिशवीवर हात टेकवून, साध्या साइटने, म्हणजे दुर्बिणीशिवाय, पाच फैरींचा ग्रुप (सर्वांत दूरच्या दोन भोकांमधले अंतर) 38 मिमी आला. दहा मीटरच्या निशाणाचे सर्वांत बाहेरचे वर्तुळ 45.5 मिमीचे असते आणि दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर. बरोबर मधोमध नेम धरणाऱ्या मुलाचा कडेचा छर्राही मग तीनच्या वर्तुळात जातो. मुलाला वाटते हात चुकला. तो खांदा बदलतो, श्वास बदलतो, आणि चुकीच्या सवयी लावून घेतो. शिकाऊ मुलाच्या हातात खराब रायफल देण्याचा खरा तोटा हा आहे. बोल्ट आवळून, सील बदलून आणि दुसऱ्या डबीचे छर्रे वापरून याच नळीने 17 मिमी दिले, म्हणजे नळी मुळात वाईट नाही. जोडणी वाईट आहे. लाकडी दस्ताही चांगला आहे, हे कबूल करायला हवे.

ट्रिगर किराणा दुकानातल्या हुकाच्या काट्याने मोजला. 3.2 किलोला सुटतो. रायफलचे स्वतःचे वजन 3.4 किलो. जवळजवळ रायफलच्या वजनाएवढा जोर एका बोटाने लावायचा आणि नळी हलू द्यायची नाही, हे पट्टीच्या नेमबाजालाही जड जाते. ट्रिगरमागे एक स्क्रू आहे, पुस्तिका म्हणते तो फिरवून भार कमी होतो. तो पूर्ण फिरवूनही काट्यावर फरक पडला नाही.

आता स्कोप, म्हणजे रायफलवरची दुर्बीण. आपण 3-9x40 चा स्कोप ‘फुकट’ दिला, पण किंमत त्यात धरलेली आहेच. बंदुकीचा धक्का मागे बसतो. स्प्रिंग रायफलचा धक्का आधी मागे आणि पिस्टन पुढे जाऊन थांबला की लगेच उलटा, पुढे बसतो. बंदुकीसाठी बनवलेला स्कोप हा दुहेरी धक्का सोसत नाही. 120 फैरींनंतर आतली नेम धरायची काडी एका बाजूला कलली, आणि माउंट (स्कोप धरणारी पकड) 11 मिमीच्या खाचेवरून चार मिलिमीटर मागे सरकला. त्याचा ओरखडा खाचेवर स्पष्ट दिसतो. माउंट अडवणारी पिन नाही आणि पिनेसाठी खाचेत भोकही नाही. त्यात या स्कोपचा फोकस शंभर यार्डांवर बांधलेला आहे. दहा मीटरवर निशाण धूसर दिसते आणि डोळा जरा सरकला की काडीही निशाणावरून सरकते. शिवाय दहा मीटरच्या स्पर्धेत दुर्बिणीला मुळीच परवानगी नाही. नेमबाजीच्या सरावासाठी म्हणून विकता तर त्या पैशांत एक बरी मागची साइट द्यायला हवी होती.

पुस्तिकेच्या सहाव्या पानावर छापले आहे : ‘दर 50 फैरींनंतर चेंबरमध्ये तेलाचे 3-4 थेंब सोडा.’ ही सूचना तातडीने काढा. स्प्रिंग रायफलमध्ये पिस्टन हवा एकदम दाबतो, ती तापते आणि पिस्टनपुढे आलेले तेल डिझेल इंजिनासारखे पेटते. निळसर धूर, जळक्या तेलाचा वास, फटाक्यासारखा आवाज आणि एकाएकी चढलेला वेग, ही त्याची खूण. नव्या रायफलमध्ये पहिल्या शंभरेक फैरींत कारखान्यातले तेल असे जळते, हे आम्हालाही माहीत आहे. पण आपली सूचना ते कायम चालू ठेवते. पिस्टनचे सील जळते आणि स्प्रिंगवर नको तेवढा ताण येतो. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. टिनाच्या खोलीत ठेवलेल्या रायफलमधले वंगण तेवढ्यानेच पातळ होऊन पुढे झिरपते, त्यात वरून तेल घालायला सांगणे म्हणजे आगीत तेल. तेल लागते ते बिजागरीला आणि नळीच्या बाहेरून, पुसून घेण्यापुरते.

खोक्यात शिशाच्या छर्र्यांसोबत स्टीलच्या गोळ्यांची एक पुडीही निघाली, ‘डबे उडवण्यासाठी’. रायफलच्या नळीत आटे असतात. शिसे मऊ असल्याने आट्यांत बसते. स्टीलची गोळी बसत नाही, उलट आटे घासते. त्याहून वाईट म्हणजे ती टणक पत्र्यावरून उलटी येते, आणि तेव्हाही तिच्यात एक डोळा घालवण्याएवढी ताकद शिल्लक असते. डबे उडवायचे तर पातळ पत्र्याचा रिकामा डबा, मागे मातीचा ढीग किंवा वाळूने भरलेले पोते, प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा आणि काम संपल्यावर साबणाने हात धुणे, एवढे साधे नियम आहेत. कुटाराच्या (भुशाच्या) पोत्यावर भरवसा ठेवू नये. चार छर्रे एकाच जागी लागले की पाचवा आरपार जातो. यातले एक वाक्यही आपल्या पुस्तिकेत नाही.

आता तिसरे काम, घराचे रक्षण. ग्राहक सेवेच्या फोनवर आपल्या माणसाने आम्हाला सांगितले की ‘खेड्यात चोर, रानडुक्कर, वांदर सगळ्याला चालते’, आणि वर ‘जास्त दम पाहिजे तर 5.5 मिमीची नळी बसवून देतो, लायसन्स लागत नाही’. हे दुसरे वाक्य सरळ कायद्याविरुद्ध आहे. 5.5 मिमीला परवाना लागतो. या फोनची वेळ आणि बोलणे आम्ही लिहून ठेवले आहे.

पहिले वाक्य धोक्याचे आहे. ही रायफल एका वेळी एक छर्रा सोडते. पुढचा भरायला नळी मोडा, छर्रा बसवा, लॉक करा. अंधारात आणि घाबरलेल्या हाताने दहा-बारा सेकंद तरी जातात. बारा जूलचा छर्रा माणसाला थांबवत नाही, पण डोळ्याला लागला तर आयुष्यभराची इजा करतो. समोरच्याला दुरून ती खरी बंदूक वाटते आणि तो त्याच हिशेबाने वागतो. भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण तो गरजेपुरत्याच बळाचा आहे. दारापुढे दिवा, आतून भक्कम आडणा, भुंकणारे कुत्रे आणि 112 चा फोन, या चार गोष्टी खेड्यात या रायफलपेक्षा जास्त कामाच्या आहेत आणि चारही मिळून किंमत तिच्यापेक्षा कमी पडते.

रानडुकराबद्दल तर बोलायलाच नको. जागलीला बसलेल्या माणसाने त्याच्यावर छर्रा झाडला तर कातडीखाली जेमतेम रुततो, आणि चिडलेले डुक्कर धुऱ्यावरून सरळ त्याच्यावरच येते. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला इजा करणेही येते. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) हे दोन्ही त्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत. तूर किंवा हरभरा खाल्ला तर वनखात्याकडे पंचनामा करून भरपाई मागण्याचा मार्ग आहे. आपल्या जाहिरातीवर विसंबून एखादा शेतकरी गुन्ह्यात अडकला, तर त्याला वकील आपण देणार आहात का?

कमी पैशांत एकच रायफल घ्यायची झाली, तर नेमबाजी आणि डबे ही दोन कामे ती नीट करू शकते. त्यासाठी आठ-दहा जूल ऊर्जा, न हलणारा सांधा, दीड किलोच्या आतला ट्रिगर, फिरकीची मागची साइट आणि सुटे सील व स्प्रिंग मिळण्याची खात्री, एवढे लागते. एक हजार फूट लागत नाहीत. स्वप्नील कुसाळे याने ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमधून नेमबाजीचे कांस्यपदक आणल्यापासून आमच्याकडची मुले रायफल मागत आहेत. पालक चौदा-पंधरा हजार रुपये सोयाबीनच्या पट्टीतून काढतात. त्यांना ही रायफल घ्या असे आम्ही सांगू शकत नाही.

आमची मागणी अशी : रायफल आपल्या खर्चाने परत नेऊन पूर्ण 14,850 रुपये परत करावेत. जाहिरातीतून ‘घराचे रक्षण’ हे शब्द काढावेत आणि वेगाचा आकडा छापताना छर्र्याचे वजन व जूलमधील ऊर्जा सोबत छापावी. पान सहावरील तेलाची सूचना रद्द करून आधीच्या सर्व खरेदीदारांना तसे मराठीत कळवावे, कारण त्या रायफली आजही कुठेतरी जळत असतील. स्टीलच्या गोळ्या या रायफलसोबत देणे थांबवावे. 5.5 मिमीच्या नळीबद्दल आपल्या विक्री विभागाला काय सूचना आहेत, हे लेखी कळवावे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 प्रमाणे या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निकाल एका महिन्यात द्यावा लागतो. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 नुसार सदोष माल आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन कारणांवर आम्ही नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते, त्यामुळे आपल्या कार्यालयाच्या शहरात यायची आम्हाला गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फीसुद्धा लागत नाही.

बिलाची प्रत, दहा फैरींच्या वेगाची नोंद, 38 मिमी आणि 17 मिमी ग्रुपचे दोन्ही कागद, सरकलेल्या माउंटचा फोटो आणि काढलेले सील सोबत जोडले आहे. सील परत पाठवू नये, ते आपल्याकडेच ठेवून भिंगाखाली पाहावे.

आपले,
नेमबाजी सराव गटाचे सभासद,
ता. काटोल, जि. नागपूर