काका, ती शिफारस मान्य करा

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

गेल्या वर्षी नाशिकच्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर तुम्ही माझा मोबाइल मागून घेतलात, लिंक्डइन उघडलंत आणि बाकावर बसून हसत सुटलात. फोटो गोव्याचा, गॉगलवाला. नावाखाली एकच शब्द : प्रोप्रायटर. "कशाचा? रसवंतीचा?"

तोवर मला वाटायचं, लिंक्डइन ही जागा नोकरी शोधणाऱ्या पोरांची. अंबडच्या एमआयडीसीतल्या गाळ्यात चौदा वर्षं मी जिग, फिक्श्चर आणि गेज बनवतोय, म्हणजे कारखान्यात काम करताना सुटा भाग जागच्या जागी धरणारी आणि मापं तपासणारी साधनं. कामं आली ती तोंडी ओळखीतून, सातपूरच्या एका कारखान्यातून दुसऱ्यात. तुमचं आयुष्य कंपनीच्या परचेसमध्ये (खरेदी खात्यात) गेलं, म्हणजे आमच्यासारख्यांना टेबलापलीकडून बघण्यात. नावाखालच्या त्या ओळीत २२० अक्षरं मावतात, हे तुम्ही सांगितलंत. खरेदीवाला 'ड्रिल जिग नाशिक' असं शोधेल, प्रोप्रायटर शोधत कुणी येत नाही.

मग मला चेव आला. एका रात्रीत शंभरेक अनोळखी लोकांना एकच मजकूर चिकटवून ओळख जोडण्याच्या विनंत्या धाडल्या, वर 'कोटेशनची संधी द्यावी'. दोन दिवसांत माझ्या विनंत्यांवर बंदी आली. तुम्ही एवढंच म्हणालात, "लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा नाव घालून देतात रे."

एकदा मात्र खरे चिडलात. तयार फिक्श्चरचा फोटो मी हौसेने टाकला होता आणि मागे टेबलावर गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग उघडं पडलेलं. सकाळी सहाला तुमचा फोन. "ड्रॉइंग त्यांचं आहे, तुझं नाही. आधी काढ, मग बोल." फोटो काढून टाकला. त्या दिवशी चहासुद्धा कडू लागला. आता फोटो टाकण्याआधी पार्टीला विचारतो, आणि नाही म्हणाले तर वाईट वाटून घेत नाही.

तुमचं सगळ्यात अवघड सांगणं होतं ते काही न मागण्याचं. "रोज दहा मिनिटं दुसऱ्याचं वाच. येत असेल तिथे उत्तर दे. दर सांगू नकोस." चाकणच्या एका इंजिनिअरने लिहिलं होतं की ड्रिल जिगचा बुश (ड्रिलला वाट दाखवणारी नळी) झिजतो, सारखा ठोकून काढावा लागतो आणि प्लेटचं भोक सैल होतं. मी लिहिलं : प्लेटमध्ये लायनर बुश, म्हणजे बाहेरची नळी, कायमचा दाबून बसवा, आत निघणारा बुश बसवा, झिजला की तेवढाच बदला. वर्कशॉपमधल्या कुठल्याही जुन्या कारागिराने हेच सांगितलं असतं. त्याने आभार मानले, विषय संपला. पाच महिन्यांनी त्याचाच मेसेज आला, "तुम्ही बनवता का?" आज चाकणला माझ्या सहा जिग चालू आहेत. पहिली द्यायला मी स्वतः गेलो होतो. संगमनेरपर्यंत ट्रॅफिकला शिव्या घातल्या, पुढे गुणगुणत गेलो.

हे सगळं तुम्ही मला का शिकवत होतात, ते त्या पावसाळी सकाळी कळलं. ट्रॅकवर आपण दोघेच होतो. रिटायर झालात त्या दिवशी कंपनीचं सिम परत केलंत आणि इतक्या वर्षांचे व्हेंडर, माल पुरवणारे, त्याच्याबरोबर गेले, असं म्हणालात. "फोन वाजायचा बंद झाला. तेव्हा कळलं, तो माझा नव्हताच." मी गप्प बसलो, कारण आम्हीही तेच करत आलो होतो. साहेब बदलला की जुना नंबर पुसायचा आणि नव्या साहेबाला दिवाळीचा डबा न्यायचा. आता माझ्या ओळखीतल्या कुणी नोकरी बदलली की लिंक्डइनवर कळतं. मी दोन ओळी लिहितो, कामाचं काही नाही. सिन्नरचे एक साहेब असेच पुण्याला गेले. त्यांची ऑर्डर नाही, पण फोन येतो.

तर, काका, तुमच्या प्रोफाइलवर मी एक शिफारस लिहून ठेवलीये. तीन आठवडे झाले. तुम्ही मान्य केल्याशिवाय ती कुणाला दिसत नाही, हेही तुम्हीच शिकवलेलं. विचारलं की म्हणता, "रिटायर माणसाला काय करायचंय?" म्हणून तेच इथे चारचौघांत लिहिलं.

उद्या ट्रॅकवर येताना चष्मा आणि मोबाइल दोन्ही आणा. बटण मी दाखवतो, दाबायचं तुम्ही.

तुमचा,
अंबडचा प्रोप्रायटर