बेरोजगारी कोणत्या रकान्यात लिहायची?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2020 मध्ये देशात 1,53,052 जणांनी आत्महत्या केली. त्यांपैकी 15,652 जणांची नोंद व्यवसायाच्या रकान्यात ‘बेरोजगार’ अशी आहे. त्याच वर्षी आत्महत्येचे कारण ‘बेरोजगारी’ असल्याची नोंद मात्र 3,548 प्रकरणांतच आहे, आणि संसदेत सरकारने सांगितला तो हा दुसरा, लहान आकडा. बेरोजगार असलेल्या प्रत्येकाने त्याच कारणाने जीव दिला, असे मी म्हणणार नाही; माणूस एकाच कारणाने त्या टोकाला जात नाही. पण अकस्मात मृत्यूची नोंद होताना दुःखाने खचलेले घरचे लोक घरातील वाद, मोडलेले लग्न, आजारपण सांगतात, आणि त्या सगळ्याच्या मुळाशी असलेली चार-पाच रिकामी वर्षे कागदावर येतच नाहीत.

मी पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. मराठवाड्यातून आलेला एक मुलगा सहा वर्षे माझ्याकडे एकाच खुर्चीवर बसतो आहे. सुरुवातीला तो सणावाराला गावी जायचा. पुढे पाहुण्यांचा ‘सध्या काय करतोस?’ हा प्रश्न नको म्हणून त्याने जाणेच सोडले. खर्च परवडत नाही म्हणून खोलीतल्या जोडीदारासोबत तो एकच डबा दोघांत खातो, हे मला डबा देणाऱ्या मावशींकडून कळले. धाकट्या बहिणीच्या लग्नाचे फोटो त्याने मला आवर्जून दाखवले, पण तो स्वतः एकाही फोटोत नव्हता. विचारले तेव्हा म्हणाला, “मी वाढायला होतो, सर.” त्या रात्री मला झोप लागली नाही.

काम गेले किंवा मिळालेच नाही, तर पगाराबरोबर दिवसाची घडी, चारचौघांतली ऊठबस आणि आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत ही जाणीवही जाते. ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या गावात कापड गिरणी बंद पडल्यावर समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1930 च्या दशकाच्या आरंभी हेच टिपून ठेवले होते: वेळ भरपूर असूनही लोकांचे वाचन कमी झाले, चालण्याचा वेगसुद्धा मंदावला. 63 देशांतील 2000 ते 2011 या काळाच्या आकडेवारीवरून 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने वर्षाला सुमारे 45 हजार आत्महत्यांचा संबंध बेरोजगारीशी जोडला आहे. मात्र हा संबंध अटळ नाही. युरोपातील देशांच्या अभ्यासात असेही दिसले, की काम गेलेल्यांना पुन्हा कामाला लावण्यासाठी जिथे सरकारने पैसा खर्च केला, तिथे बेरोजगारी वाढूनही आत्महत्या तितक्या वाढल्या नाहीत.

आपल्या राज्याला हे नवे नाही. 1972 च्या दुष्काळात मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी योजना महाराष्ट्रानेच उभी केली आणि 1977 मध्ये तिचा कायदा केला. पण खडी फोडण्याची, बांध घालण्याची ती हमी पदवी घेऊन शहरात आलेल्या मुलापर्यंत पोहोचत नाही, आणि त्याच्यासाठी दुसरी कोणतीही हमी नाही.

म्हणून माझी शासनाला कळकळीची विनंती आहे, की भरतीच्या जाहिरातीपासून नेमणुकीपर्यंतच्या तारखा आधी जाहीर करून त्या पाळाव्यात, कारण निकाल आणि मुलाखत यांच्यामध्ये लोंबकळणारी वर्षे या मुलांना सर्वांत जास्त पोखरतात. रोजगार मार्गदर्शन केंद्रांत प्रशिक्षित समुपदेशक बसवावेत. अकस्मात मृत्यूच्या चौकशीत ‘शेवटचे काम कधी होते?’ हा एक प्रश्न सक्तीचा करावा.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक मी अभ्यासिकेत पाण्याच्या पिंपाशेजारी मोठ्या अक्षरांत लावला आहे. शहरातील इतर अभ्यासिका, खाणावळी आणि वसतिगृहांच्या चालकांनीही तो लावावा, आणि एखादी खुर्ची दोन दिवस रिकामी दिसली, तर त्या मुलाच्या खोलीवर जाऊन यावे.

आपला,
एक अभ्यासिकाचालक, पुणे