संवादसाधन कोणते, हे दोघांनी मिळून ठरवावे

महोदय,

ज्यांना बोलता येत नाही किंवा ज्यांचे बोलणे परक्याला उमजत नाही, अशांना कोणते संवादसाधन (चित्रांचा फलक, बोलणारे उपकरण वगैरे) द्यावे हे ठरवण्यासाठी जे मूल्यमापन होते, त्यात सरकारी आणि खासगी अशा दोन्हीकडच्या तज्ज्ञांनी एकत्र बसावे, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून मी आधी सरकारी रुग्णालयात आणि नंतर स्वतंत्रपणे काम केले असल्यामुळे दोन्हीकडच्या खोडी मला ठाऊक आहेत. त्यांतल्या काही माझ्याही आहेत.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा नसणे) असलेल्या एका मुलाच्या सरकारी अहवालात ‘हो-नाहीचा भरवशाचा प्रतिसाद नाही’ असा शेरा होता. वास्तविक तो ‘हो’ म्हणायला नजर छताकडे नेत असे, मात्र प्रश्न ऐकल्यापासून त्याला त्यासाठी पाच-सहा सेकंद लागत. तपासणाऱ्यांचे लक्ष तो मान हलवतो का याकडे होते आणि चटकन उत्तर आले नाही की ते प्रश्न पुन्हा विचारत. त्यामुळे नजर वर जायच्या बेतात असतानाच त्याला सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागे. दर आठवड्याला त्याच्या घरी जात असल्याने ही खूण मला माहीत होती. त्या दिवशी मला बोलावले नव्हते हे खरे, पण मीही ती आपणहून कळवली नव्हती. उलट, मी त्याच्यासाठी डोळ्यांच्या हालचालीवर चालणारे उपकरण सुचवून मोकळी झाले होते. खुर्चीचा डोक्याकडचा आधार सैल असल्याने थोड्या वेळाने त्याची मान कलते आणि उपकरणाच्या कॅमेऱ्याला डोळेच सापडत नाहीत, हे सरकारी केंद्रातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजच्या कामांतल्या हालचाली आणि बसण्याची ठेवण पाहणाऱ्या तज्ज्ञाने) पहिल्या दहा मिनिटांत ओळखले. असे दोन अहवाल झाले, दोन्ही अर्धे, आणि मधल्या काळात मुलाच्या हाती काहीच नव्हते.

मूल्यमापन म्हणजे यंत्राची निवड नव्हे. दृष्टी आणि श्रवण कसे आहे, शरीराचा कोणता भाग न थकता हलतो, अक्षरओळख आहे की चित्रफलक हवा, दिवसभरात कोणाकोणाशी बोलायचे असते, हे सगळे त्यात येते. आपण मिनिटाला साधारण दीडशे शब्द बोलतो. साधनावर बोलणाऱ्याला अनेकदा दहा-पंधरासुद्धा जमत नाहीत. अशा वेळी एक बटण चुकीच्या जागी बसले तरी माणूस बोलायचेच टाळू लागतो. अमेरिकेतल्या १९९३ सालच्या एका सर्वेक्षणात अपंग व्यक्तींची २९.३ टक्के साहाय्यक साधने वापरातून गेल्याचे आढळले होते आणि निवडताना वापरणाऱ्याचे मत विचारात न घेणे हे त्यामागचे एक कारण होते.

सरकारी केंद्रात अनेक शाखांचे तज्ज्ञ एका छताखाली असतात आणि मंजुरीचा अधिकारही तिथेच असतो. पण रांग लांब असते आणि माणूस एकदाच, तेही परक्या खोलीत दिसतो. मोटर न्यूरॉन आजारात स्नायू आणि बोलणे हळूहळू निकामी होत जाते; अशा रुग्णाला ही रांग परवडत नाही. त्याचा आवाज पुढच्या साधनासाठी साठवून ठेवायचा, तर तो स्पष्ट असतानाच ध्वनिमुद्रित करावा लागतो, आणि हात चालत असताना केलेली शिफारस काही महिन्यांनी निरुपयोगी ठरू शकते. मधल्या काळात त्याला नियमितपणे पाहणारा खासगी तज्ज्ञ हे बदल टिपत असतो. त्याच्या नोंदी केवळ ‘बाहेरच्या’ म्हणून बाजूला ठेवणे मला अनाकलनीय वाटते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. खासगी तज्ज्ञाचे विक्रेत्याशी लागेबांधे असू शकतात. म्हणून असा कोणताही आर्थिक संबंध त्याने आधीच लेखी जाहीर करावा आणि चाचणीत निदान दोन वेगवेगळ्या उत्पादकांची साधने व सोबत साधा कागदी फलकही ठेवावा. कित्येकदा तो कागदच सर्वांत उपयोगी पडतो. माहितीची देवाणघेवाण त्या व्यक्तीच्या किंवा तिच्या पालकांच्या संमतीनेच व्हावी. मतभेद झाल्यास अंतिम निर्णय कोणाचा, हे पहिल्याच भेटीत ठरावे, नाहीतर दोन तज्ज्ञांच्या मानापमानात घरच्यांची फरफट होते.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंग हक्क करारात ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येतच पूरक आणि पर्यायी संवादपद्धतींचा समावेश आहे. तेव्हा ही काही मेहेरबानी नव्हे. निदान एक भेट दोघांनी मिळून, शक्यतो घरी किंवा शाळेत घ्यावी, साधन काही आठवडे वापरून पाहू द्यावे आणि त्यानंतरच दोघांच्या सह्यांचा एकच अहवाल तयार करावा. त्याची प्रत घरच्यांकडे राहावी. आणि ती व्यक्ती ‘हो’ व ‘नाही’ कसे सांगते आणि उत्तरासाठी किती सेकंद थांबावे, हे त्याच्या पहिल्या पानावर लिहिलेले असावे.

– एक वाचा-उपचारतज्ज्ञ