शिकाऊ उमेदवार की झाडूवाला?

संपादक महोदय,

तीस वर्षे मी मुलांना टर्नरचे, म्हणजे लेथ यंत्रावर धातू कातण्याचे, काम शिकवले. शिकाऊ उमेदवाराच्या विद्यावेतनाचा २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, वाटा केंद्र सरकार उचलते. हे पैसे आता थेट मुलाच्या खात्यात जातात, हे चांगलेच झाले. पण शिकण्याचे काय? माझा एक विद्यार्थी वर्षभर एका कारखान्यात होता. लेथला हात कधी लावलास विचारले, तर म्हणाला, "सर, खालचा कीस झाडताना." बारीक मापे घेणारा मायक्रोमीटर त्याने कपाटाच्या काचेतूनच पाहिला! १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार प्रशिक्षण देणे ही मालकाचीच जबाबदारी. सरकारी वाटा देण्यापूर्वी तपासनिसाने हजेरीपट बघू नये. मुलाने स्वतः लेथवर कातलेला एखादा भाग मागावा आणि मापून बघावा.

– एक निवृत्त निदेशक