लॅक्स्टनचे शिवार विसरू नका

महोदय,

इंग्लंडमधील खेड्यांवर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. चर्च, गढ्या, जुनी दगडी घरे सगळे त्यात आले. नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन या गावाचा मात्र उल्लेखही नाही, याची चुटपुट लागली. जुने चर्च तिथेही आहे, शेरवूड जंगलाच्या वंशपरंपरागत रखवालदारांच्या गढीचा उंचवटाही आहे. पण लॅक्स्टनचा खरा वारसा नांगराखाली आहे.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कायदे करून इंग्लंडभरच्या खुल्या शिवारांना कुंपणे घातली गेली आणि असंख्य लहान शेतकरी देशोधडीला लागले. लॅक्स्टनची जमीन मुख्यतः दोन सरदार घराण्यांकडे होती. कुंपण घालण्यावर त्यांचे आपसांत जमले नाही, म्हणून शिवार वाचले! मिल फील्ड, साउथ फील्ड आणि वेस्ट फील्ड ही तीन मोठी शिवारे आजही कुंपणाविना आहेत. प्रत्येकाचे पट्टे तिन्हीकडे विखुरलेले. एका शिवारात गहू, दुसऱ्यात वसंतातला पेरा, तिसरे पड, दरवर्षी फेरपालट.

कुंपण नाही म्हटल्यावर बांध कोरण्याचा मोह आलाच. त्यावरचा उपाय शेतकऱ्यांना मुद्दाम सांगण्यासारखा आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस गावची ज्युरी, म्हणजे हद्दी तपासणारे पंच, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गव्हाच्या शिवारात जाते, हद्दी पाहते, खुंट्या ठोकते. कुणाचा नांगर सामाईक गवतात किंवा रस्त्यात घुसला असेल, तर त्याची नोंद होते. पुढच्या आठवड्यात डव्हकोट इन या पबमध्ये गावाचे न्यायालय बसते आणि दंड सांगते. रक्कम किरकोळ असते, पण ती चारचौघांत भरावी लागते. 1977 साली अशा जुन्या ग्रामन्यायालयांचे अधिकार कायद्याने काढून घेतले गेले, तेव्हा लॅक्स्टनचे न्यायालय त्यातून वगळले. जमिनीचे वाद वर्षानुवर्षे कोर्टात कुजताना पाहणाऱ्या माझ्यासारख्याला याचे फार अप्रूप वाटते.

1635 साली मार्क पीअर्सने या गावाचा नकाशा काढला. त्यात पट्टान्‌पट्टा आहे, नांगर धरलेली माणसे आहेत, शिकारीही आहेत. तो ज्याच्यासाठी काढला, तो जमीनदार म्हणजे व्यापारी सर विल्यम कोर्टन. ईस्ट इंडिया कंपनीला शह देणाऱ्या त्याच्या मंडळाला त्याच वर्षी राजाकडून परवाना मिळाला आणि 1636 मध्ये त्यांची जहाजे गोव्याला आली. आपल्या किनाऱ्याशी असलेला हा धागा सहसा कुणी सांगत नाही.

मालकी मात्र फिरत राहिली. 1952 मध्ये अर्ल मॅनव्हर्सने हे गाव कृषी मंत्रालयाला विकले, 1981 मध्ये ते राजसत्तेची मालमत्ता सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे आणि 2020 मध्ये थोर्सबी इस्टेट या खासगी जमीनदारीकडे गेले. मालक कुणीही असो, कसणारी कुटुंबे टिकली तरच ही पद्धत टिकेल. नुसत्या पर्यटकांवर ती जगणार नाही.

या गावावर स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. रीतसर परवानगी घेऊन त्याचा एखादा भाग छापता आला, तर उत्तमच.

आपला,
एक शेतकरी वाचक, कराड